बोलावणं

देसांका : खिडकीपासून हल आता, रास्तको. रस्त्याकडे डोळे लावून पाहुणे येत नसतात.

रास्तको : गाडीचा आवाज आला.

देसांका : कचऱ्याची गाडी ती. माशाचं सार तिसऱ्यांदा गरम करतेय मी. आणखी एकदा केलं तर नुसता गाळ उरेल.

रास्तको : बाबा असताना आपल्या घरच्या संताच्या, संत निकोलाच्या दिवशी या घरात पाय ठेवायला जागा नसायची, ताई.

देसांका : बाबा असताना.

रास्तको : मला वाटायचं, माझ्यामुळे येतात लोक.

देसांका : तुझ्यामुळे? तू होतास कुठे? दर डिसेंबरात बेल्जियमच्या चिखलात, नाहीतर तुर्कस्तानात.

रास्तको : टीव्हीवर होतो की! देशाच्या फुटबॉल संघात, मधल्या फळीत. भिंतीवरचे हे शर्ट कुणी धाडले? बाबा सगळ्यांना दाखवायचे.

देसांका : दाखवायचे. लोक मान डोलवायचे आणि सरळ ताटाकडे वळायचे. ते बाबांसाठी यायचे रे! ज्याच्या घरी ज्या संताचा दिवस, त्याच्या दारात बाबा हजर. गुडघे गेले तरी काठी टेकत जायचे. तू खेळ सोडून परत आलास त्याला चार वर्षं झाली. कुणाकडे गेलास?

रास्तको : घोटा दुखतो.

देसांका : हो, घोटा.

रास्तको : ग्वोझदेन तरी येईलच. लहानपणी तो गोलमध्ये उभा राहायचा आणि मी त्याला छळायचो. मी गाव सोडलं तरी तो इथे यायचा ना?

देसांका : दरवर्षी, सगळ्यांच्या आधी. आज अजून नाही, तेच मला खटकतंय.

रास्तको : येईल. मी फोन केलाय त्याला.

देसांका : कसला फोन?

रास्तको : बोलावणं केलं. अगदी मानाने. म्हटलं, रविवारी दोन वाजता जेवायला ये.

देसांका : अरे देवा! संताच्या दिवसाचं बोलावणं केलंस? तीस वर्षं तो या घरचा म्हणून न बोलावता आला. आणि तू त्याला दोनची वेळ दिलीस, दाताच्या डॉक्टरसारखी! बोलावतात ते परक्याला.

रास्तको : तिकडे बोलावल्याशिवाय कुणी कुणाकडे पाणीसुद्धा प्यायला जात नाही. मला वाटलं, त्याला बरं वाटेल.

देसांका : काय म्हणाला?

रास्तको : म्हणाला, ‘बघतो, साहेब.’

देसांका : साहेब म्हणाला?

रास्तको : मला वाटलं, चेष्टा करतोय.

(टेबलाभोवती रिकाम्या खुर्च्या. मधोमध पाव आणि मेणबत्ती.)

रास्तको : माझं काम एकच होतं, ताई. मान वर करून बघायचं, आपला कोण मोकळा आहे, आणि चेंडू त्याच्या पायात द्यायचा. भरल्या मैदानात मला माणूस बरोबर दिसायचा. इथे कुणीच दिसत नाही. फार एकटं वाटतं गं.

देसांका : हे फोनवर सांगायचंस त्याला. दोन वाजता कशाला म्हणालास!

रास्तको : त्याच्या घरचा दिवस कधी असतो?

देसांका : तेही माहीत नाही तुला?

रास्तको : नाही.

देसांका : संत इग्नातिये. नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी. जा. आणि फोन करू नकोस!

रास्तको : दार उघडून पुन्हा ‘साहेब’ म्हणाला तर?

देसांका : म्हणेल. पण त्या दिवशी दारातून कुणी कुणाला परत पाठवत नाही. आधी रीतीप्रमाणे पाहुण्याचा चमचाभर शिजवलेला गोड गहू देईल तुला, मग काय शिव्या द्यायच्या त्या देईल. चल, पाव धर. पाद्री सकाळीच आशीर्वाद देऊन गेला. अंधार पडायच्या आत मोडायला हवा.

रास्तको : दोघांनीच? सगळ्या पाहुण्यांनी मिळून फिरवायचा असतो.

देसांका : आहेत तेवढ्या हातांनी फिरवायचा. हं, फिरव. आता म्हण.

रास्तको : ख्रिस्त आपल्यात आहे.

देसांका : आहे, आणि राहील. मोड आता.

रास्तको : ग्वोझदेनचा तुकडा बाजूला ठेव.

देसांका : तोवर वाळून दगड होईल त्याचा.

रास्तको : होऊ दे. त्याच्या दारात उभा राहीन तेव्हा हातात काहीतरी असेल.