मस्कतचे पावणेतीन तास

…पावणेतीन तास म्हणे! मुंबई ते मस्कत, साडेपंधराशे किलोमीटर, पावणेतीन तास. तुम्हाला सांगतो, हे तिकिटावर ज्यानं लिहिलं तो आमच्या शहागंजातून एकदा जरी निघाला असता ना, तर पेन खाली ठेवून घरी गेला असता. अन् मी, कय्युम घड्याळवाला, तीस वर्षं गावाची घड्याळं दुरुस्त करतोय, वेळेचं मला कोण शिकवणार?

आमची आमरीन मस्कतला दिलेली. बाळंतपणाचं ऑपरेशन ठरलं बुधवारी दुपारी दोनला. आणि आमच्या घरात दस्तूर असा, की लेकरू जन्मलं की त्याच्या कानात अजान द्यायची ती नानानंच, म्हणजे आईच्या बापानं. माझ्या कानात माझ्या नानानं, आमरीनच्या कानात तिच्या नानानं… मग आता नंबर माझाच ना? बायको, गजाला, आठ दिवस आधीच निघाली. म्हणते, "चलो ना साथ में, आठ दिन दुकान बंद रही तो दुनिया की घडियां रुकते क्या?" म्हणलं, बाई, पावणेतीन तासाच्या रस्त्याला आठ दिवस कशाला? बुधवारी सकाळी दहाचं विमान, तिथलं घड्याळ दीड तास मागं, म्हणजे सव्वाअकराला मी मस्कतात! वजूचे हातपाय धुऊन, चहा पिऊन तयार बसतो का नाय बघ!

पण विमान काय आपल्या दारातून उडतं व्हय? मंगळवारी दुपारी चारला घर सोडलं. पुढं घाटात ट्रक आडवा झालेला, बस जागची हलंना. कसाबसा विमानतळावर पोचलो, तर पट्टा काढा, काढला. बूट काढा, काढले. खिशात काय हाय? माझा बारीक स्क्रू-ड्रायव्हर, सवयीनं राहिलेला. तो काढून घेतला. अन् विमानात बसलो, तर विमान बिघडलेलं! स्क्रू-ड्रायव्हर असता तर मीच बघितलं असतं… शेजारी दौलताबादच्या चंपाबाई, पोराकडं निघालेल्या, पहिल्यांदाच विमानात. तासाभरानं डोळे उघडून विचारतात, "भाऊ, आलं का मस्कत?" म्हणलं, मावशी, आपण मुंबईतच हाव. पुन्हा तासाभरानं तेच. पाच तास मी त्यांना मुंबईच सांगत होतो.

तीनला उडालं. उडाल्यावर मात्र बरोब्बर पावणेतीन तास, एक मिनिट इकडं का तिकडं नाय, खोटं कशाला बोलू? पण पोरगी जन्मली तेव्हा मी समुद्रावर होतो. उतरल्यावर फोन लावला, तेव्हा कळलं. लई वाईट वाटलं, पासपोर्टच्या रांगेतच डोळे भरून आले.

दवाखान्यात पोचलो, तेव्हा घर सोडून साडेसत्तावीस तास झालेले. जावई, नोमान, दारातच मान खाली घालून उभा. म्हणला, अब्बा, माफ करा, अजान मीच दिली, लेकराला किती थांबवायचं… बरोबरच केलं पोरानं. मी आत जाऊन खुर्चीत बसलो.

तर आमरीन पलंगावरून हळूच म्हणते, "अब्बा, त्यांनी उजव्या कानात अजान दिली. डाव्या कानातली इकामत तुमच्यासाठी ठेवलीय."

डावा कान! उठलो, हात धुतले, नातीला उचललं… अन् दिली. आता इकामत, म्हणजे नमाजाला उभं राहताना म्हणतात ती अजानची धाकटी बहीण, ती केवढी? अर्ध्या मिनिटाची. साडेसत्तावीस तास प्रवास करून अर्धं मिनिट… अन् तेवढ्यातबी बाईसाहेब झोपून गेल्या.