गुण्याची परीक्षा

– नाही बाई, कपाट तयार आहे तुमचं, ते बघा भिंतीला टेकवून ठेवलंय. घाई नाही ना? बसा त्या स्टुलावर, भुसा झटकून बसा. तुम्ही मुलांना इंग्रजी शिकवता म्हणून विचारतो – 'नॉर्मल' म्हणजे नक्की काय हो? आम्हा अडाण्यांच्या तोंडीसुद्धा बसलाय तो शब्द – बाळंतपण नॉर्मल, ताप उतरला की नॉर्मल – पण कागदावर छापून आला नि तोच शब्द पुन्हा पुन्हा वाचत बसलो. परवा माझ्या डोक्याचा फोटो काढला ना, त्यावर लिहिलंय तसं. वयाच्या मानानं नॉर्मल. मुलगा म्हणाला, बाबा, आता तरी हसा.

काय सांगता – गुण्या? आम्हा सुतारांचा, हा, काटकोन बघायचा? कुठल्याशा जुन्या भाषेत गुण्यालाच 'नॉर्मा' म्हणायचे, आणि गुण्याला बरोबर लागलं ते नॉर्मल? घ्या. म्हणजे काखेत कळसा नि गावाला वळसा.

पण मग जास्तच भीती वाटते बाई. का म्हणाल – तर गुण्याही खोटा निघतो. एकदा हातातून पडला की कामातून गेला, दिसायला मात्र तसाच. मागच्या आठवड्यात हिच्या गोळ्या आणायला गेलो नि येताना आमच्याच गल्लीत उभा राहिलो – सगळी दारं मीच बसवलेली, पण त्यातलं माझं कुठलं, ते काही केल्या आठवेना. हिला बोललो नाही. मुलालाही नाही. तुम्हालाही बोलणार नव्हतो – असो.

गुण्याची परीक्षा सोपी. फळीच्या कडेला लावून रेघ मारायची, मग उलटा करून तिथूनच दुसरी. एकावर एक बसल्या तर खरा, फाकल्या तर खोटा. डोकं कसं उलटं करायचं, सांगा. थांबा, दाखवतोच तुम्हाला, ही फळी घ्या –

इथं रेघ आहे आधीच. दोनदा मारलेली, एकावर एक. ताजी आहे, पेन्सिल माझीच. इथं माझ्याशिवाय कुणी काम करत नाही – मग कुणाला दाखवत होतो मी?

बाई, खाली का बघताय?

– काल? तुम्हालाच? गुण्याचंही काल सांगितलंत, आणि गल्लीचं – तेही मी…

बरं. उचला त्या बाजूनं. हळू. आणि घरी गेल्यावर कपाटाचे कोपरे तपासून घ्या. माझ्या शब्दावर जाऊ नका.