चोरीची गाडी, अकरा वेळा

…नाही, मला एक सांगा, शेजाऱ्याचं पत्र चुकून हातात आलं तर जो माणूस डोळे मिटून परत करतो, त्यालाच नेमकं लोकांवर नजर ठेवायला बसवायचं? आमचे साडूभाऊ हो! सरकारी कॅमेरा कक्षात ऑपरेटर. थंडगार खोली, भिंतभर पडदे, गाडीचा नंबर टाकला की महिनाभर ती कुठे गेली, कुठे थांबली, सगळं हजर! फक्त दर वेळी कारण लिहायचं, आणि खाली ऑपरेटरचं नाव आपोआप उमटतं… तेच तर नडलं ना!

निवडणूक लागली आणि मोठे साहेब खुर्चीमागे उभे. अगदी चहा मागवावा तसं, "हा नंबर बघा जरा." गाडी कुणाची? विरोधी उमेदवार बाईंची! निवृत्त मुख्याध्यापिका, जुनी खटारा गाडी. साडूभाऊंनी विचारलं, "साहेब, कारण काय लिहू?" "लिहा, चोरीची गाडी."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "कारण काय लिहू?" "चोरीची गाडी!" अहो, एकच गाडी रोज कशी चोरीला जाईल? पण विचारायची छाती कुणाची? आणि तुम्हाला सांगतो, बाई ज्यांच्या दारात थांबायच्या त्यांच्या मागे शुक्लकाष्ठ! झेरॉक्सवाल्याला दुकानाची नोटीस, दातांच्या डॉक्टरांची चौकशी… साडूभाऊंना जेवण जाईना. बायको विचारते, "पित्त झालंय का?" हे म्हणतात, "हो." पित्त कसलं, दहा वेळा चोरीची गाडी लिहून झाली होती!

अकराव्या दिवशी पडद्यावर काय दिसावं? ती खटारा, आदल्या दिवशी चार ते सहा… यांच्याच इमारतीच्या फाटकाशी! लगेच घरी फोन लावला. आमची मेहुणी खुशीत, "अहो, आमच्या बाई आल्या होत्या! मला गणित शिकवायच्या. इमारतीतल्या सातजणी जमलो, काय हसलो!" आणि मागून साहेब, "काल चार ते सहा गाडी कुठे होती?" घाम फुटला हो, त्या थंड खोलीत! सात घरं डोळ्यांपुढे… "क-कॅमेरा बंद होता, साहेब." "बंद? बघतो मी," म्हणत साहेब गेले.

आता साहेब बघणार म्हणजे कळणारच! साडूभाऊंनी काय करावं? अकरा नोंदींचा कागद छापला, शर्टाच्या आत कोंबला आणि तडक बाईंच्या दारात. "बाई, तुमची गाडी मी अकरा वेळा चोरली." बाईंनी कागद दोनदा वाचला. म्हणाल्या, "खाली नाव तुमचं आहे. हे बाहेर काढलं तर तुम्हीच बुडाल." हे म्हणाले, "माहीत आहे. काढा."

मग काय! बातमी, बोभाटा, चौकशी. साहेब शांतपणे, "मी? मला तर तो कॉम्प्युटर सुरूही करता येत नाही!" निलंबित कोण? साडूभाऊ. झेरॉक्सवाल्याची नोटीस तेवढी मागे घेतली, डॉक्टर सुटले, सातजणींच्या घरी कुणी फिरकलं नाही. बाई मात्र निवडणुकीत पडल्या, थोडक्यात.

साडूभाऊ आता घरी असतात. जेवतात, झोपतात. फक्त फिरायला निघाले की कॅमेरे चुकवत गल्लीबोळांतून जातात. कोपऱ्यावरच्या दुकानाला पाऊण तास! मी म्हटलं, "अहो, आता तुम्हाला कोण बघतंय?" हे थांबले, माझ्याकडे बघितलं, म्हणाले, "मी बघायचो तेव्हा त्यांना तरी कुठे माहीत होतं?"

…तेव्हापासून मलाही पाऊण तास लागतो.