शेवटचा शब्द

—तुमच्या पाटीकडे बघत नव्हतो हो. बरं, बघत होतो. 'दुरुस्ती'तला रु ऱ्हस्व असतो. तुम्ही दीर्घ काढलाय, तोही हातभर मोठा, लाल रंगात. ज्याला हा एक शब्द दुरुस्त लिहिता येत नाही त्याच्यापुढे मी माझा लॅपटॉप घेऊन बसलोय — अडला हरी म्हणतात तो असा. नाही, चहा नको. कळफलकावर तुमच्या टोस्टाचा चुरा सांडलाय, तो आधी झटका. पुन्हा सांगू? घरी बोट लावलं की हा उघडतो. आगगाडीत बॅटरी पार संपली, आज खोलीवर चार्ज करून लावला तर बोट चालेना, पासवर्ड द्या म्हणतो. चार वेळा दिला. पाचव्यांदा चुकलं की कायमचं कुलूप, मग सगळं पुसूनच उघडायचं — हे तुम्हीच मघाशी सांगितलंत, टोस्ट बुडवता बुडवता. आणि चार वाजता माझं भाषण आहे. दोनशे शिक्षक येणारेत. विषय 'निर्दोष लेखन'. हसा, हसा.

तोंडी बोलू? पंचेचाळीस वर्षं शिकवलंय, तोंडी बोलायला काय झालं — पूर्वी बोलायचोच. हल्ली वाक्य सुरू करतो आणि क्रियापदापर्यंत पोचतो तोवर कर्ता कोण होता तेच… ते असू द्या. एकेचाळीस पानं आहेत आत, ती हवीत.

पासवर्ड मी ठेवलेला नाही. आमच्या मंडळींनी ठेवलाय. माझं सगळं लेखन तीच टाइप करते — करायची. ही एकेचाळीस पानंसुद्धा. सध्या लेकीकडे असते, हवापालटाला. आठ महिने झाले. हो, आठ महिने हवा पालटतेय, तुम्हाला काय करायचंय? तुम्ही ती खूण वाचा, खाली बारीक अक्षरात आलीय ती. मोठ्यानं वाचा. 'पत्रातला शेवटचा शब्द, मी लिहिला तसा.' आता या बायकी कोड्याला काय म्हणायचं.

कुठलं पत्र म्हणजे — जाताना ठेवून गेली होती, चार पानी. तेवीस चुका. हो, मोजल्या. लाल शाईनं दुरुस्त करून तिच्या टेबलावर ठेवलं. सवय हो, दुसरं काही नाही. दोन दिवसांनी उरलेले कपडे न्यायला आली, पत्र बघितलं, घडी करून पिशवीत टाकलं, दहा मिनिटं या लॅपटॉपवर बसली आणि गेली. मला वाटलं, माझं काही टाइप करायचं राहिलं असेल.

लिहिलं काय होतं? असं बघा, चुका तपासताना मजकुरात गुंतायचं नसतं, गुंतलं की चूक निसटते. पहिल्या वर्षाच्या पोरांना पहिल्या दिवशी सांगतो मी हे. शेवटचा शब्द मात्र पक्का ठाऊक आहे. 'येईन'. तिनं ऱ्हस्व इ काढली होती, मी खोडून दीर्घ ई केली. तोच शब्द घातला चारही वेळा, इंग्रजी अक्षरांत, दीर्घ ई नीट दाखवून — एकदा दोन e, एकदा तीन, एकदा मध्ये y घालून, एकदा सगळी मोठी अक्षरं. हा ठोंब्या घेत नाही. तिनं ऱ्हस्व कसा लिहिला असेल, i घालून, का e घालून, का भलतंच काही, हे मी कसं सांगू? चाळीस वर्षं मी तिच्या चुका खोडल्या, लक्षात ठेवल्या नाहीत.

काय? 'येईन' म्हणजे काय, हे तुम्ही मला विचारता? भविष्यकाळ, प्रथमपुरुष, एकवचन. तसं नाही? मग कसं? त्याच्या आधी काय होतं — आधी चूक नव्हती काही, म्हणून डोळा थांबला नाही. थांबा. 'बोलावलंत'. बोलावलंत तर. अनुस्वार बरोबर होता, तो मी पाहिला होता. 'तुम्ही बोलावलंत तर…'

माझ्याकडे असं बघू नका. यंत्राकडे बघा.

तिला विचारायचं, एवढंच ना? तुमच्या फोनवरून लावा, माझा ती उचलत नाही. म्हणजे उचलणार नाही. मी लावलेला नाही. नंबर घ्या — पाठ आहे, पाठ कसा नसेल. सांगा, दुकानातून बोलतोय, त्यांचा लॅपटॉप अडकलाय, शब्द कसा लिहायचा तेवढं सांगा. माझं नाव मध्ये आणू नका.

लागला? काय म्हणते? अहो, मान काय डोलावताय, काय म्हणते ती? …मीच विचारायचं? मी, तिला?

घड्याळ दाखवू नका मला. तीन वाजून गेलेत, कळतं मला. आणा इकडे तो फोन. आणि तुम्ही — दुकान तुमचंच आहे, ठाऊक आहे — बाहेर जाऊन उभे राहा. त्या पाटीखाली. जा.