डावा स्क्रीन

— नाही गो बाय, केबल बदलून झाली. तू आत्ता आलीस, मी पंधरा दिवस ह्यात डोकं घालून बसलोय. केबल बदलली, मागचं पोर्ट बदललं, ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर काढून परत घातला, चित्रातल्या सावल्या-बिवल्या सगळं कमीत कमीवर आणलं — ढग बघ कसे दिसतात, पिंजलेल्या कापसाचे गोळे — तरी डावा स्क्रीन काळा तो काळाच. बस तू. ती खुर्ची घे, डावीकडची, म्हणजे तुला नीट बघायला मिळेल. तुझा साहेब फोनवर म्हणाला, दत्ताराम, डिचोलीहून तेजस्विनीला पाठवतो, तिच्या हाताला गुण आहे. तर आता तो गुण दाखव. एवढ्या उन्हातून हळर्णात आलीस — सुलोचना, बायला पाणी दे गो! — ऐकत नाही. माझ्याशी बोलत नाही ती चार दिवस. त्याचं काय ते मागाहून सांगतो.

तर हे तीन स्क्रीन. मधल्यात विमानाची समोरची काच आणि दोन्हीकडे बाजूच्या खिडक्या. गावातले मला हसतात, विमानाच्या खेळाला तीन-तीन टीव्ही कशाला म्हणून. अरे, पंचवीस वर्षं गाडी चालवतोय मी! आधी खाणीवर टिपर चालवला, खाण बंद झाली तसा शाळेचा बालरथ घेतला, मुलांची बस — चालवणाऱ्याला बाजू लागतात. समोरचं काय, कोणालाही दिसतं. आणि खेळ म्हणू नको हं ह्याला. मोपाच्या सड्यावर मी लहानपणी गुरं राखलीत. आता तिथे विमानं उतरतात, आणि आम्ही खालून माना वर करून बघायचं? म्हटलं, आपणही उतरवायचं. रोज दुपारी मुलांना घरी सोडलं, जेवलो, की एक विमान मोपाला उतरवायचं आणि मग आडवं व्हायचं. दोन वर्षांत एकदाही आपटलं नाही. आणि आता रोज आपटतंय. रोज! डावीकडे वळून धावपट्टीला लागायचं असतं ना, तर धावपट्टीच दिसत नाही — डावीकडे नुसता काळोख.

काय म्हणालीस? आत्ता चालू आहे? तीच तर त्याची लबाडी! मी मान वळवून त्याच्याकडे बघितलं की शहाण्यासारखा चालू. समोर बघितलं की गेला. हट्टी पोर आई बघते तेवढ्यापुरतं गप्प बसतं, तसा. तू बघतेस म्हणून चालू आहे तो.

बरं, मी काय अडाणी नाही. टिपरची लाइट पेटली नाही की आपण काय करतो? चांगला बल्ब इकडचा तिकडे घालून बघतो. तसंच केलं. डावा स्क्रीन उचलून उजवीकडे ठेवला, उजवा डावीकडे. तर बिघडलेला उजवीकडे जाऊन झकास चालायला लागला, आणि जो चांगला होता तो डावीकडे आल्याबरोबर मेला. तू शिकलेली आहेस, तू सांग, असं होतं? म्हणून म्हटलं, दोष जागेत आहे. हसू नको. भिंतीत ओल असेल, अर्थिंग नसेल. सगळं टेबल ह्या भिंतीचं त्या भिंतीला नेलं. तरी डावाच! मग राखणदाराला नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं — बा महाराजा, हेच्यात काय वाकडा-तिकडा असात तर सरळ कर. संगणकासाठी गाऱ्हाणं घालणारा पेडण्यातला मी पहिलाच असणार. तू कार्डच तपास. कार्ड गेलं असेल. कार्ड गेलं म्हण आणि लिहून दे, मी मोकळा होतो.

सुलोचनाचं? अगो, काय नाही ते. ताटात डावीकडे लोणचं, किसमूर, मिठाची चिमूट वाढते ती. म्हणते, पंधरा दिवस डावी बाजू तुम्ही तशीच टाकता, माझ्या हाताची चव गेली काय? मी म्हटलं, तू वाढलंसच नाहीस. ती म्हणाली, वाढलंय. मी म्हटलं, नाही. तिने ताट गर्रकन फिरवलं — आणि लोणचं आलं समोर. आता ही काय भांडायची गोष्ट आहे? आपलं लक्ष नसतं कधीकधी. चवथीत गणपती पोचवून आलो त्या दिवशी डोकं असं फुटत होतं, जीभ पण जड झालेली जरा. गोळी घेतली, झोपलो, सकाळी बरा. डॉक्टरकडे कशाला? डॉक्टर आधी कागद लिहितो, मग तो कागद शाळेत जातो. चौतीस मुलं आहेत माझ्या गाडीत, बाय. पालक मला फोन करतात, मास्तरांना नाही.

ये, तुला दाखवतोच. तू त्या डाव्या स्क्रीनवर नजर ठेव आणि गेला की सांग. मी समोर बघतो. हे बघ, उंची बरोबर आहे, वेग बरोबर आहे, चाकं खाली... खाली सगळा सडा. आता डावीकडे वळायचं. गेला बघ! गेला की नाही? — बोल ना. तिथे आहे म्हणतेस धावपट्टी? कशी असेल? मला दिसत नाही तर ती असेल कशी?

गाडीचा डावा आरसा मोडला परवा, तो फणसाच्या झाडाला लागून. झाड रस्त्यातच आलंय, सगळ्यांना माहीत आहे. आणि आज दुपारची गोष्ट वेगळी. आज सर्वेशच्या मुलीला उतरवलं, वर्षाला, पहिलीतली, एवढीशी. दार डावीकडे असतं ना. ती उतरली, मी गाडी काढली, आणि भागीरथीबाई — मुलांना चढवते-उतरवते ती — तिने पत्र्यावर हात बडवला, धाडधाड, आणि किंचाळली. मी ब्रेक मारला. काय नाही झालं. पाण्याची बाटली लवंडलेली पोरीची, ती उचलायला वाकली होती चाकाजवळ. चाक हातभर लांब होतं. भागीरथी म्हणते चार बोटं, पण तिला वाढवून सांगायची सवय आहे. पोरगी हसली पण. मला म्हणाली, काका, तुम्ही मला बघितलं नाही? मी म्हटलं, बघितलं गो, गंमत केली.

गंमत केली म्हटलं मी तिला.

घरी आलो, जेवलो नाही, तुझ्या साहेबाला फोन लावला. म्हटलं, कसंही करून आजच माणूस पाठव, कार्ड गेलंय. कार्डच गेलंय ना, बाय? संगणक बंद असतानापण कधीकधी तो... म्हणजे अंगणात उभा असतो ना मी, तर तुळस... जाऊ दे. कार्ड बघ तू. देवाशपथ, कार्ड म्हण. तू म्हणालीस की मी उद्या सात वाजता गाडी काढतो, फणसाजवळ हळू घेतो —

आपटलं. बघ, आपटलं परत.

तेजस्विनी? गप्प का झालीस? बाय? गेलीस काय गो? अशी न सांगता कशी — सुलोचना, ती मुलगी गेली बघ, पाणीसुद्धा न —

अगो. इथेच आहेस.

हात कशाला वर धरलायस? माझ्या डाव्या कानाशी... किती वेळ? मी वर्षाचं सांगत होतो तेव्हापासून? त्याच्याही आधी?

नको. सांगू नको. तुझे डोळे पूस आधी, तुझा काय गुन्हा नाही त्यात. कार्ड काढू नको, चांगलं आहे ते. सगळंच चांगलं आहे. दाराच्या खुंटीवर गाडीची चावी आहे, ती घे. वळणावर भागीरथीबाईचं घर, निळं दार. तिच्या हातात दे आणि म्हण, उद्या दुसरा माणूस बघा. बाकी काय सांगू नको, सुलोचनाला मीच सांगतो. तिन्ही स्क्रीन बंद कर आणि जा तू. जा गो बाय.