तिला ऐकू जायला हवं

कारखान्यातल्या स्फोटाच्या चौकशीच्या दालनाबाहेर बाकावर बॉयलरवाला आणि त्याची बायको बसली होती. साक्ष खुल्या दालनात देणार की बंद खोलीत, एवढंच विचारायला आलेला शिपाई दाराशीच थबकला.

"अहो, बंद खोलीच मागा. आत मालकाची माणसं डोळे वटारून बसलीत."

"बंद खोलीत साहेबांना कळेल गं. माझ्या पाळीतल्या, गेलेल्या जोडीदाराच्या आईला कसं कळणार?"

"काय कळायचंय तिला? स्फोट झाला तेव्हा तो झोपला होता, असंच सगळे सांगतायत."

"झोपला असता तर मी आज तुझ्या शेजारी बसलो असतो का? मला बाहेर ढकललं आणि एकटाच वाफ सोडायला परत गेला तो."

"हे घरी कधी बोलला नाहीत!"

"तोंडातून शब्द फुटत नव्हता."

मग तिने त्याची कॉलर सारखी केली.

"पाणी प्या दोन घोट. आणि आत गेल्यावर खणखणीत बोला. म्हातारीला कमी ऐकू येतं."

"तुला काय ठाऊक?"

"तुम्ही साक्षीदार, म्हणून तुम्हाला बाहेर बसवतात. मी रोज आत तिच्या शेजारी असते. जो तो काय म्हणाला, ते मीच तिच्या कानात सांगते. 'झोपला होता', हेही मीच सांगितलंय."