ती मूठ तुझी नाही

काकू, दोन्ही ताई, जावईबापू, फॅक्टरीतले काकांचे जुने सोबती, आणि आपल्या शूटिंग क्लबचे सगळे भैया लोक. तुम्ही एवढे सगळे आलात. काका असते तर एव्हाना चप्पल शोधायला लागले असते. चार माणसं जमली की त्यांना घर आठवायचं.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नाहीच म्हणत होतो. एक तर माझी मराठी अशी, अर्ध्या वाटेतून हिंदीत निघून जाते. आणि दुसरं म्हणजे, अशा सभेत बोलणाऱ्याला काहीतरी समजलेलं असावं लागतं. मला काहीच समजून नाही राहिलं. खरंच सांगतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मधुकाका उमाळकर फॅक्टरीत लाकडी साचे बनवायचे. रिटायर झाले आणि आमच्यासारख्या स्पर्धेवाल्यांच्या रिव्हॉल्व्हरला लाकडी मुठी करून द्यायला लागले. कंपनीची मूठ सगळ्या जगाच्या हातांसाठी एकच असते. काका एका हातासाठी एक मूठ करायचे.

कशी करायचे? काकू मीठ घालून घट्ट कणीक मळून द्यायच्या. दोन गोळे. मागच्या व्हरांड्यात, लाकडाच्या दोन पट्ट्यांवर ते थापायचे. पहिला गोळा काका स्वतः पकडून दाखवायचे, असं धर म्हणून. दुसरा आपण पकडायचा. मग दोन्ही ठसे एकाच ताटात उन्हात वाळायचे. खाली चिठ्ठी चिकटवायची. आपल्या ठशाखाली आपलं नाव. त्यांच्या ठशाखाली नुसतं ‘मी’. मग आपला ठसा समोर ठेवून काका लाकडात मूठ कोरायचे.

नऊ वर्षांपूर्वी मी गेलो तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं. बोटातली अंगठी निघेना. काका कुरकुरले, मग म्हणाले, राहू दे. मला अक्रोडाची चकचकीत मूठ पाहिजे होती. ते म्हणाले, शिसम घे, आणि पॉलिश नको, जवसाचं तेल लावू. मी म्हटलं, काका, हातात घेतली की आरामाची वाटली पाहिजे, बस. तर म्हणाले, “पहिल्या गोळीला सगळ्याच आरामाच्या वाटतात. तिसाव्या गोळीला मनगट काय म्हणते ते मला सांग.”

मूठ तयार झाली. मी हातात घेतली. काकांनी त्यांचा एकच प्रश्न विचारला, जो त्यांनी इथल्या प्रत्येकाला विचारलाय. “बसली का?”

आता ऐका. ती बसली नव्हती. करंगळीखाली जागा उरत होती आणि ट्रिगरवर बोट पुरं पोचत नव्हतं. पण पंधरा दिवस म्हातारा माणूस कानस घेऊन बसलेला, त्याला कसं सांगणार? मी म्हटलं, बसली, काका. एकदम बसली.

आणि गंमत बघा, दोन-तीन महिन्यांत ती बसली पण. नऊ वर्षं मी तिच्याशिवाय दुसरी धरली नाही. लोकांना दाखवत फिरायचो, ही माझ्या हाताची मूठ आहे.

चार महिन्यांपूर्वी मॅच झाली. मी वाईट खेळलो. टीममधून नाव गेलं. तुमच्यातले बरेच तिथं होते. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन आला. कसा आहेस नाही, काय झालं नाही. सरळ म्हणाले, “सुधीर, ती मूठ तुझी नाही. घेऊन ये.”

माझं डोकं सणकलं. मला वाटलं, हा माणूस मला सांगून राहिला की तू त्या मुठीच्या लायकीचा नाहीस, परत कर. मी ठीक आहे म्हटलं आणि फोन ठेवून दिला. त्यांनी पुन्हा दोनदा केला. मी उचलला नाही. नदीवर, ग्वारीघाटावर एकदा दुरून दिसले, तर मी फुलवाल्यांच्या मागून निघून गेलो. मी, पंचेचाळीस वर्षांचा माणूस.

मग ते गेले.

तेरवी झाल्यावर काकूंनी मला बोलावून एक डबा दिला. म्हणाल्या, तुझी मॅच झाली त्या रात्री जुने ठसे काढून बसले होते, हा तुझ्यासाठी काढून ठेवला होता त्यांनी. डब्यात दोन ठसे, कडक झालेले. एकाखाली ‘मी’ लिहिलेलं. ते पेन्सिलीनं खोडलं होतं आणि वर लिहिलं होतं, ‘सुधीर’. त्याच ठशावर अंगठीची खूण होती. दुसऱ्याखालचं ‘सुधीर’ खोडून ‘मी’ केलं होतं.

ताटात चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. बस, एवढंच. नऊ वर्षं मी जी मूठ धरून राहिलो होतो ती काकांच्या हाताची होती. ती मूठ तुझी नाही, म्हणजे ती मूठ तुझी नाही. त्यात दुसरा काही अर्थच नव्हता.

काका, काहून असं बोललात तुम्ही? दोन शब्द जास्त बोलले असते तर काही बिघडलं असतं का? आणि मी काहून नाही विचारलं? त्याही आधी, पहिल्याच दिवशी मी बसली नाही म्हटलं असतं तर? चूक चिठ्ठीची की माझी, मी रोज यावर विचार करतो आणि रोज गोंधळतो.

डब्यात एक नवी मूठ पण होती. माझ्या खऱ्या ठशावरून केलेली, शिसमाचीच. अंगठ्याची जागा कोरायची राहिलेली. काकूंच्या समोर मी ती हातात घेतली. त्यांनी विचारलं, बसली का रे?

काकू, त्या दिवशी मी उत्तर दिलं नाही. आज देतो. नाही बसली. जी माझ्या हाताची आहे ती परकी वाटते आणि जी काकांच्या हाताची आहे ती माझी वाटते. कोणती लावू? हे ज्यांना विचारायचं त्यांच्यासाठीच आपण इथं जमलो आहोत. मला त्यांची फार आठवण येते, आणि मला त्यांचा रागही येतो.

चलो. आता आपण एक मिनिट शांत उभे राहू. काकू, तुम्ही बसूनच राहा. बाकीच्यांनी डोळे मिटा आणि उजव्या हाताची मूठ करा. सैल, काका शिकवायचे तशी.

त्याआधी फक्त ही जुनी मूठ त्यांच्या फोटोपाशी ठेवतो. काका, तुम्ही म्हणाला होतात, घेऊन ये. आणली आहे.